श्वानपथकाच्या गाडीत थर्मामीटर हवाच

सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, पण बंदोबस्त थांबत नाही; पंढरपूरची चैत्री वारीही याच तापात येते. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांना, बाकी सगळी भिस्त धापेवर. त्याचे तापमान एरवी ३८ ते ३९ अंश. ४१ च्या वर गेले की उष्माघात समजावा. अशा वेळी बर्फात बुडवू नये (घाबरून नेमके तेच केले जाते). साध्या पाण्याने पोट, जांघा, काखा भिजवून वारा घालावा, ३९.५ ला थांबावे, नाहीतर तापमान गरजेपेक्षा खाली घसरते. तोंड बांधू नये, धापच बंद होते. तिथून थेट दवाखाना.

म्हणून गाडीत गुदद्वारात लावायचा डिजिटल थर्मामीटर, दहा लिटर पाणी, रोलर बँडेज आणि गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस असावा. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवत नसेल तर कुत्र्याला बूट घालावेत. मात्र सराव आधी हवा. ऐनवेळी चढवले तर जनावर वास सोडून बूटच चावत बसते. रात्री उघडा असणारा पशुवैद्यकीय दवाखाना पथकाने आधीच ठरवून ठेवावा.

— एक वाचक, सोलापूर