एकच सामना, तोही सप्टेंबरात

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. लेक अॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठात शिकायला गेल्यापासून तू शनिवारचं अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघायला लागलास आणि पहिल्याच महिन्यात दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंस. 'एवढ्या मोठ्या विद्यापीठांनी लिंबूटिंबू संघ घरी बोलवायचे आणि पन्नास-साठ गुणांनी धुवायचे, यात कसला आलाय खेळ? बंद करा हे.' तुझा राग मला समजतो. आपल्याकडे कुस्ती लावतानासुद्धा आधी जोड बघतात. पण सरसकट बंदीच्या मी विरोधात आहे. असा सामना वर्षाला एकच असावा, हंगामाच्या सुरुवातीला असावा आणि त्याला अटी असाव्यात. का, ते जरा सविस्तर लिहितो.

आधी ताकदीतला फरक कुठून येतो ते बघ. कॉलेज फुटबॉलच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागात दोन थर आहेत. वरचा एफबीएस, खालचा एफसीएस. कित्येक वर्षं वरच्या थरात एका संघाला ८५ पूर्ण स्कॉलरशिप देता यायच्या आणि खालच्या थरात ६३, त्याही तुकडे करून जास्तीत जास्त ८५ पोरांत वाटलेल्या. आता ही दरी आणखी रुंदावली आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठाला सगळ्या खेळांच्या मिळून खेळाडूंना पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. एवढी रक्कम खालच्या थरातल्या विद्यापीठांच्या आवाक्याबाहेरची आहे.

मैदानावर हा फरक पहिल्या अकरा जणांत फारसा दिसत नाही, तो दिसतो त्यांच्या मागे बसलेल्या पोरांत. मोठा संघ बचावाच्या फळीत आठ-नऊ जण आलटून पालटून उतरवतो. समोरच्या छोट्या संघाचे आक्रमणाच्या फळीतले पाच जण मात्र शेवटपर्यंत तेच असतात आणि सामन्यात साठ-सत्तर वेळा १३५-१४० किलोच्या ताज्या गड्याला अडवतात. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत ते टिकतात. तिसऱ्यात पाय जड होतात, कंबर खाली बसत नाही, हात उशिरा वर येतात. गुणांचा डोंगर तिथून उभा राहायला लागतो आणि दुखापतीही तिथेच होतात.

मग हे सामने ठरतात कशासाठी? २००६ पासून हंगाम कायमचा १२ सामन्यांचा झाला. त्यातले आठ किंवा नऊ कॉन्फरन्सने, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाने ठरवलेले, उरलेले तीन-चार विद्यापीठाने स्वतः मिळवायचे. तोलामोलाच्या संघाला घरी बोलावलंस तर पुढच्या कुठल्यातरी वर्षी त्याच्या घरी जावं लागतं, आणि त्या वर्षी घरचा एक शनिवार हातचा जातो. मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. तिकिटं, पार्किंग, खाणंपिणं, गावातली हॉटेलं, सगळ्यांचं गणित घरच्या सात सामन्यांवर बसवलेलं असतं. छोटा संघ हमीची रक्कम घेऊन येतो आणि परतभेट मागत नाही. म्हणून याला 'गॅरंटी गेम' म्हणतात. शिवाय हंगाम संपल्यावरच्या मानाच्या 'बोल' सामन्याच्या पात्रतेला सहा विजय लागतात आणि त्यात एफसीएस संघावरचा एक विजय मोजता येतो, अट एवढीच की त्या संघाने स्कॉलरशिपचा ठरावीक हिस्सा प्रत्यक्षात वाटलेला असावा. दुसरा तसा विजय त्यात धरत नाहीत.

करारात तारीख, रक्कम, ती कधी द्यायची, पाहुण्यांना किती मोफत तिकिटं, पंच कुठल्या कॉन्फरन्सचे आणि सामना मोडला तर भरपाई किती, हे सगळं लिहिलेलं असतं. गोम असते दैवी आपत्तीच्या कलमात. जुलै २०२० मध्ये बिग टेनने, म्हणजे मिशिगनच्या कॉन्फरन्सने, कोविडमुळे फक्त आपापसात खेळायचं ठरवलं आणि छोट्या विद्यापीठांचे ठरलेले चेक एका दिवसात धोक्यात आले. ज्यांचं वर्षाचं अंदाजपत्रक अशा एक-दोन चेकवर उभं होतं त्यांची पार दैना झाली. आता आकडे बघ. २०१३ मध्ये फ्लोरिडा ए अँड एम ओहायो स्टेटकडे गेला, ७६-० हरला आणि ९ लाख डॉलर घेऊन परतला. या पैशांवर त्या विद्यापीठांतले पोहण्यापासून टेनिसपर्यंतचे खेळ चालतात. तू बंदी मागतोस, पण ही तूट कोण भरणार?

आता दुसरी बाजू, जी मला जास्त प्रिय आहे. छोटा संघ जिंकतोसुद्धा, आणि त्यामागे ठोस कारणं असतात. तुझ्या लेकीच्याच स्टेडियममध्ये १ सप्टेंबर २००७ ला पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला अॅपलाचियन स्टेटने ३४-३२ हरवलं. २६ सेकंद उरले असताना पाहुण्यांनी फील्ड गोल मारून, म्हणजे किकने चेंडू खांबांमधून घालवून, आघाडी घेतली. मिशिगनने ४६ यार्डांचा पास पकडला, घड्याळात ६ सेकंद राहिले, ३७ यार्डांवरून किक मारायची होती. ती किक कॉरी लिंचने कडेने झेपावत अडवली आणि चेंडू उचलून दुसऱ्या टोकाला पळत सुटला. लाखभर माणसं गप्प झाली. पण हा संघ दुबळा नव्हताच. त्याआधीची लागोपाठ दोन वर्षं तो एफसीएसचा विजेता होता, आणि पळता येणारा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा गडी) घेऊन मैदानभर पसरून खेळण्याची त्याची पद्धत मिशिगनच्या भारदस्त बचावाला झेपली नाही. त्या निकालानंतर संघांची राष्ट्रीय क्रमवारी लावणाऱ्या असोसिएटेड प्रेस वृत्तसंस्थेने नियम बदलून एफसीएस संघांनाही क्रमवारीत मतं मिळण्याची मुभा दिली.

ट्रिपल ऑप्शन खेळणारे संघ आणखी त्रास देतात. यात क्वार्टरबॅक चेंडू फुलबॅकच्या, म्हणजे मधून सरळ धावणाऱ्या गड्याच्या, पोटाशी धरतो आणि बचावातल्या अशा एका गड्याकडे बघतो, ज्याला मुद्दाम कोणीच अडवलेलं नसतं. तो फुलबॅकवर धावून गेला तर चेंडू काढून घ्यायचा आणि बाहेरून पळायचं. बाहेर दुसरा मोकळा गडी असतो. तो क्वार्टरबॅकवर आला तर चेंडू बाजूने धावणाऱ्या साथीदाराकडे फेकायचा. बचावात प्रत्येकाला एकच काम असतं: तू फुलबॅक, तू क्वार्टरबॅक, तू कडेचा. एकाने जरी आपलं काम सोडून चेंडूचा पाठलाग केला तरी तीस-चाळीस यार्डांचं भगदाड पडतं. त्यात समोरचे गडी कमरेखाली अंग टाकून अडवतात, म्हणजे नजर चेंडूवर ठेवायची की स्वतःच्या पायांवर, हा प्रश्न. सरावाला हातात तीन-चार दिवस, आणि सरावात हे खेळून दाखवणारी राखीव पोरं त्या वेगाने खेळूच शकत नाहीत. २०११ मध्ये अलाबामा त्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता ठरला, पण जॉर्जिया सदर्नने त्याच्या बचावाविरुद्ध धावून ३०२ यार्ड काढले. हरले ते ४५-२१ ने, पण ती आकडेवारी अजून सांगितली जाते. दोन वर्षांनी त्याच संघाने फ्लोरिडाला २६-२० हरवलं, आणि तेही एकही पास पूर्ण न करता! तीन पास टाकले, तिन्ही फुकट गेले, धावून मात्र ४२९ यार्ड काढले.

नॉर्दर्न इलिनॉय काही एफसीएस नाही, वरच्याच थरातला लहान संघ. २०२४ मध्ये तो १४ लाख डॉलर घेऊन नोत्र दामला गेला आणि १६-१४ जिंकून आला. तोच नोत्र दाम पुढे राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला. असे दिवस दर शनिवारी येत नाहीत, पण बंदी घातली तर कधीच येणार नाहीत.

आता तुझ्या रागाशी मी पूर्ण सहमत आहे अशी जागा. २०१२ मध्ये सव्हाना स्टेटने लागोपाठ दोन आठवडे असे सामने घेतले. ओक्लाहोमा स्टेटकडून ८४-०. पुढच्या आठवड्यात फ्लोरिडा स्टेटकडून ५५-०, आणि तिथे घड्याळ न थांबवता खेळवूनही वादळामुळे तिसऱ्या क्वार्टरमध्येच सामना संपवावा लागला. दोन्हींचे मिळून ८ लाख ६० हजार डॉलर मिळाले. आधीच जखमी आणि दमलेल्या पोरांना सात दिवसांत पुन्हा तशाच भट्टीत ढकलणं चूक होतं, आणि ती चूक पैसे देणाऱ्याची तशीच घेणाऱ्याचीही. २०१९ मध्ये ते विद्यापीठ दुसऱ्या विभागात उतरलं.

अशा सामन्यात दया दाखवायची सोय नियमातच आहे. दोन्ही मुख्य प्रशिक्षक आणि पंच यांची संमती असेल तर उरलेल्या क्वार्टरची वेळ कधीही कमी करता येते. अडचण अशी की हरणारा प्रशिक्षक स्वतःहून मागायला लाजतो आणि जिंकणारा विचारला तर अपमान होईल म्हणून गप्प बसतो. म्हणून माझी पहिली अट: हे करारातच लिहून ठेवा. मध्यंतराला ३५ गुणांचा फरक असेल तर उरलेले दोन क्वार्टर पंधराऐवजी बारा मिनिटांचे. मग मैदानावर कोणाला तोंड उघडावं लागत नाही. दुसरी अट छोट्या संघासाठी: हंगामात असा सामना एकच, आणि त्याच्या पुढचा शनिवार रिकामा.

तिसरी अट तारखेची. दक्षिणेतल्या एसईसी कॉन्फरन्समध्ये नोव्हेंबरच्या मध्याला, मोठ्या लढतींच्या तोंडावर, असा सामना ठेवायची जुनी खोड आहे. तो शुद्ध आराम आहे, आणि हंगामाचं पूर्ण तिकीट घेतलेल्या माणसाला त्याचेही पूर्ण पैसे मोजावे लागतात. सप्टेंबरात त्याच सामन्याला अर्थ असतो. नवा क्वार्टरबॅक, नवी फळी, आणि २०१८ पासून लागू असलेला नियम: नवखा खेळाडू चार सामन्यांपर्यंत खेळला तरी त्याला कॉलेजात खेळायला मिळणाऱ्या मोजक्या वर्षांतलं एक वाया जात नाही. दुसऱ्या अर्ध्यात या पोरांना उतरवलं तर दोन्ही संघांचं भलं होतं.

शेजारचा संघ बोलवावा ही चौथी. आयोवा सिटीला नॉर्दर्न आयोवाची पोरं बसने येतात, त्यांचे आईवडील येतात. २००९ मध्ये शेवटच्या काही सेकंदांत लागोपाठ दोन फील्ड गोल अडवले तेव्हा कुठे आयोवा १७-१६ ने सुटला. हजार मैलांवरून विमानाने आणलेल्या अनोळखी संघाविरुद्ध अशी चुरस क्वचितच लागते.

बंदीचा प्रयोग झालेला आहे, हेही सांगतो. बिग टेनने २०१५ मध्ये जाहीर केलं की एफसीएसशी नवे करार नकोत. पण नऊ कॉन्फरन्स सामन्यांमुळे प्रत्येक संघाला एक वर्षाआड घरी कॉन्फरन्सचे चारच सामने मिळतात, सातचा हिशेब जुळेना, आणि २०१७ मध्ये त्या वर्षांपुरती सूट द्यावी लागली. दुसरीकडे राष्ट्रीय विजेता ठरवणारा प्लेऑफ २०२४ पासून बारा संघांचा झाला. त्या वर्षी इंडियानाने कॉन्फरन्सबाहेर तीन हलके संघ घेतले, ११-१ ने आत गेला आणि पहिल्याच फेरीत नोत्र दामकडून २७-१७ हरला. निवड समिती पराभव आधी मोजते, प्रतिस्पर्धी नंतर, हे सगळ्यांना कळून चुकलंय. एसईसीने २०२६ पासून आठाऐवजी नऊ कॉन्फरन्स सामने आणि शिवाय एक तगडा बाहेरचा संघ सक्तीचा केला, ते मला मनापासून आवडलं. त्यामुळे हलक्या सामन्यांना दोनच जागा उरतात, आणि लगाम घालायचा तो असाच.

पुढच्या वेळी असा सामना लागला की गुणफलक बघू नकोस. तिसऱ्या क्वार्टरमध्ये छोट्या संघाच्या आक्रमणाच्या मधल्या पाच जणांकडे बघ. चेंडू सुटण्याआधी त्यांचे हात गुडघ्यावर आहेत की जमिनीवर टेकलेले, आणि समोर किती वेळा नवे चेहरे आले ते मोज. आणि काय दिसलं ते मला लिही.

तुझा मित्र