न विचारता बसवलेल्या विंडोज ११बद्दल तक्रार

वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग
दि. १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : देखभाल करारातल्या संगणकावर मालकाला न विचारता विंडोज ११ बसवल्यामुळे झालेलं नुकसान भरून देण्याबाबत.

महोदय,

आमचा वेंगुर्ल्यात छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, सप्ताहाची पत्रकं, कार्तिक लागला की जत्रांच्या आणि दशावतारी नाटकांच्या जाहिराती, मग फेब्रुवारीपासून हापूसच्या पेट्यांची लेबलं, असं आमचं वर्ष जातं. दुकानात दोन संगणक आहेत. आतल्या खोलीतल्यावर टायपिंग आणि पानांची मांडणी होते. काउंटरवरच्यावर बिलं, ईमेल आणि गिऱ्हाइकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो उतरवून घेणं. दोन्हींची देखभाल आपल्या कंपनीकडे आहे आणि कराराचे पैसे आम्ही आगाऊ भरलेले आहेत. पावती सोबत जोडली आहे.

दिवाळी आटोपल्यावर आपला तंत्रज्ञ नेहमीच्या तपासणीला आला. मी तेव्हा बँकेत होतो. दुकानात कामाला असलेल्या मुलीला त्यानं सांगितलं, "विंडोज १० बंद झालं, आता अकरा टाकावंच लागतं." तिनं "काकांना फोन लावते" म्हटलं, तर म्हणे, "अपडेटच आहे, करारात येतं." मी दुकानात परत आलो तोवर आतल्या संगणकाचा सी ड्राइव्ह पुसून झाला होता आणि पडद्यावर निळं फूल उमललेलं होतं.

आता "बंद झालं" या शब्दांबद्दल. विंडोज १० बंद झालेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं त्याची मोफत सुरक्षा अपडेट्स थांबवली, एवढंच झालं. संगणक दुसऱ्या दिवशीही सुरू होतो, छापतो, फायली उघडतो. हे विंडोज २९ जुलै २०१५ला आलं, दहा वर्षं चाललं आणि मुदत कधी संपणार हेही फार आधीपासून जाहीर होतं. त्यामुळे माझं भांडण मायक्रोसॉफ्टशी नाही. ज्यांना अपडेट्स हवीत त्यांच्यासाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव मुदतीची योजना आहे. घरगुती वापरासाठी ३० डॉलर, किंवा सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या खात्याशी जोडला तर फुकट. व्यवसायांसाठी वेगळी योजना आहे, पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दर वर्षी दुप्पट. आमच्यासारख्या दोन यंत्रांच्या दुकानाला यातली कुठली लागू होते, हे सांगणं देखभाल करणाऱ्याचं काम होतं. आपल्या माणसाच्या तोंडून या योजनेचा उल्लेखसुद्धा झाला नाही. हे सगळं मला पुण्याच्या पुतणीकडून कळलं.

खरं नुकसान पुढे आहे आणि ते जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण फोनवर आपल्या लोकांना ते समजलेलं दिसलं नाही.

आमच्या आतल्या संगणकावर ३२ बिटचं विंडोज १० होतं, म्हणजे जुन्या धाटणीचं; हल्ली बहुतेक ६४ बिटचं असतं. ते चुकून राहिलेलं नव्हतं, मुद्दाम ठेवलेलं होतं. आमचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं आहे. त्याला मागे यूएसबी लॉक (नक्कल होऊ नये म्हणून दिलेली, पेनड्राइव्हसारखी किल्ली) लावावा लागतो आणि त्या लॉकचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला लॉक ओळखायला लावणारा प्रोग्रॅम, फक्त ३२ बिटचा आहे. विंडोज ११ ३२ बिटमध्ये येतच नाही आणि ६४ बिटचं विंडोज ३२ बिटचे ड्रायव्हर घेत नाही. म्हणजे आमच्या संगणकावर अकरा चढवायचं तर सी ड्राइव्ह पुसूनच चढवावं लागणार आणि चढवल्यावर लॉक चालणार नाही, हे काम सुरू करण्याआधीच कळण्यासारखं होतं. करारासोबतच्या यंत्रांच्या यादीत आपल्याच कार्यालयानं "विंडोज १०, ३२ बिट" असं टाइप केलेलं आहे. यादीची प्रत जोडतो आहे, ती ओळ मी लाल पेनानं अधोरेखित केली आहे.

"डी ड्राइव्हला हात लावलेला नाही, तुमचा डेटा सुरक्षित आहे," असं आपला तंत्रज्ञ जाताना सांगून गेला. फायली आहेत, खरं आहे. त्याच संध्याकाळी जवळच्याच एका गावच्या देवस्थानचे गावकर पत्रकाचं प्रूफ बघायला आले. छापखान्याचं अर्धं भांडवल म्हणजे या जुन्या फायली असतात. देवस्थानचं पत्रक दर वर्षी तेच, फक्त तारीख, नाटकाचं नाव आणि खालची नावं बदलायची. मी गेल्या वर्षीची फाइल उघडली. देवीच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची खूण आणि मध्येच एक उद्गारचिन्ह. गावकरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि माझ्याकडे बघितलं. कारण साधं आहे. आमचे फाँट युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या आजच्या अक्षर-क्रमांकांच्या, आधीचे आहेत. फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात आणि त्यांना मराठी रूप देतो तो फाँट. फाँट राहतात सी ड्राइव्हवर. तो पुसला की शिल्लक राहतं ते हे असं.

मूळ सीडी माझ्याकडे होती. तिच्यातून फाँट परत टाकल्यावर जुना मजकूर वाचता यायला लागला. पण नवं अक्षर टाइप करायचं तर ते सॉफ्टवेअर लागतं, सॉफ्टवेअरला लॉक लागतो, आणि लॉक नव्या विंडोजला दिसत नाही. म्हणजे आमची स्थिती अशी की पत्रक वाचता येतं, बदलता येत नाही. गावकर म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहितो : "जत्रेची तारीख काय तुमच्या कंपनीक इचारून बदलूची नाय." ते पत्रक कुडाळहून टाइप करून आणलं. त्यानंतरची जत्रांची बरीच कामं तशीच बाहेरून करून घ्यावी लागली आणि काही गिऱ्हाइकं सरळ दुसरीकडे गेली. बाहेरच्या टायपिंगची बिलं जोडली आहेत. गेलेल्या गिऱ्हाइकांचं बिल कोण देणार?

बरं, एवढं करून संगणक सुरक्षित तरी झाला का? आमचा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा आहे, आय५-७४००. २०१७च्या गणपतीच्या तोंडावर घेतलेला. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, सातव्या पिढीतले मोजके अपवाद सोडले तर, आणि त्या अपवादांत आमचा बसत नाही. तेव्हा आपल्या माणसानं, यंत्र चालण्यासारखं आहे का ही विंडोज ११ची तपासणी चुकवून ते बसवलं. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात आता फिकट अक्षरांत "सिस्टिम रिक्वायरमेंट्स नॉट मेट" असं येतं. फोटो जोडला आहे. अशा यंत्रांना अपडेट्स मिळतीलच याची हमी नाही, सुरक्षेची अपडेट्ससुद्धा त्यात आली, असं मायक्रोसॉफ्टनं स्वच्छ लिहून ठेवलं आहे. म्हणजे जिथे पैसे भरून किंवा न भरता वर्षभराची खात्रीची अपडेट्स मिळाली असती तिथून उचलून आम्हाला बिनखात्रीच्या जागी नेऊन बसवलं. आणि हे सुरक्षेच्या नावाखाली!

दुसऱ्या दिवशी आपल्या कार्यालयातून दोन नव्या संगणकांचं कोटेशन आलं. त्यासोबतच्या निरोपात कारण दिलं होतं, "टीपीएम चिप नाही." हेही तपासून घेतलं. टीपीएम २.०, म्हणजे विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय, आमच्या यंत्रात आहे, इंटेलनं ते प्रोसेसरबरोबरच दिलेलं असतं. ते बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद होतं, पुतणीनं फोनवर सांगितलं तसं मी चालू केलं आणि आता व्यवस्थित दिसतं. अडचण प्रोसेसरच्या पिढीची आहे आणि ती नवा संगणक घेतल्याशिवाय सुटत नाही, हे मला मान्य आहे. पण खोटं कारण देऊन विकलेला खरा मालसुद्धा मला नको. देखभालीचे पैसे घेणारा आणि नवा माल विकणारा एकच असला की कोटेशन जरा लवकर येतं, असं आमचं निरीक्षण आहे.

तरीही मी हट्टानं जुन्याला चिकटून बसलेलो नाही. हा प्रकार झाल्यावर पुतणीनं मला पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, टाकून दिलं. ते डिस्कला न लावता नुसत्या पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, आणि ही सोय मला फार आवडली. आपल्या तंत्रज्ञानं आधी असं काही दाखवलं असतं तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं. काउंटरवरच्या यंत्रावर मिंट चांगलं चाललं. फायरफॉक्स आहे, लिबरऑफिस आहे, इनस्क्रिप्ट कळफलकावर युनिकोड मराठी सरळ टाइप होतं, आणि २२व्या मालिकेला २०२९पर्यंत अपडेट्स आहेत. तोही संगणक आपल्या माणसानं भंगारात काढायला सांगितला होता. कौल फुटलं म्हणून कोणी वासे उतरवत नाही. काउंटरला मी मिंट लावणार आहे.

आतल्या संगणकाचं मात्र तसं नाही. आमचं मांडणीचं सॉफ्टवेअर पेजमेकर ७, ते लिनक्ससाठी कधी निघालंच नाही. लिबरऑफिस ड्रॉमध्ये पेजमेकरच्या फायली उघडतात, मी उघडून बघितल्या, पण मजकूर जुन्याच फाँटच्या संकेतांत राहतो आणि मांडणी इकडे-तिकडे सरकते. शिवाय टायपिंग करणाऱ्या मुलीची बोटं टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली. जत्रांच्या ऐन हंगामात तिला इनस्क्रिप्ट शिकायला लावणं मला जमणार नाही. हळूहळू सगळा मजकूर युनिकोडमध्ये न्यायचा आहे, त्याला पावसाळ्याचे महिने लागतील, कारण आमच्याकडे कामाला उसंत तेव्हाच असते. तोपर्यंत आतला संगणक ३२ बिटच्या विंडोज १०वरच राहील आणि इंटरनेटला जोडलेला नसेल. फायली काउंटरवरून पेनड्राइव्हनं आत जातील. नेटला जोडायचाच नसेल तर अपडेट थांबल्याची धास्तीही त्या मानानं कमी. नवं यंत्र घ्यायचं की नाही, अकरा घ्यायचं की आणखी काही, ते पुढच्या गणपतीपर्यंत मी ठरवीन. ठरवणार मी.

कोणाला अकरा हवं असेल त्यानं जरूर घ्यावं. ज्याची यंत्रं नवी आहेत आणि ज्याच्याकडे लॉकवालं सॉफ्टवेअर नाही त्याला अडचण येऊ नये. माझी तक्रार एवढीच की आपल्या माणसानं "या यंत्रावर तुम्ही काय काम करता?" हा एक प्रश्न विचारला नाही. तो विचारला असता तर त्याला लॉक दिसला असता. लॉक मागच्या बाजूला लावलेलाच होता, त्यानं तो काढून टेबलावर ठेवला आणि मग काम सुरू केलं.

तेव्हा माझी मागणी अशी. आतल्या संगणकावर ३२ बिटचं विंडोज १० आपल्या खर्चानं पूर्ववत बसवून, लॉक, फाँट, प्रिंटर आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर चालतं हे माझ्यासमोर एक पान टाइप करून आणि छापून दाखवावं. तपासणी चुकवून बसवलेलं अकरा काढल्याची नोंद सेवा अहवालात यावी. बाहेरून करून घेतलेल्या टायपिंगची रक्कम आणि देखभाल कराराची चालू वर्षाची रक्कम परत करावी. यापुढे डिस्क पुसण्याचं कुठलंही काम मालकाच्या लेखी होकाराशिवाय होणार नाही, असं पत्र द्यावं. नव्या संगणकांचं कोटेशन मी परत पाठवतो आहे.

छापखाना म्हणजे व्यवसाय, म्हणून आम्ही ग्राहक नाही, असं उत्तर आपल्या फोनवरच्या बाईंनी दिलं होतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ त्यांनी एकदा वाचावा. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात व्यावसायिक हेतूची धरलेली नाही. आमच्या छापखान्यात मी, माझी बायको आणि ती मुलगी, एवढेच आहोत. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंही भागलं नाही तर ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही, हे मी विचारून ठेवलं आहे.

माणूस पाठवाल तो ३२ बिटच्या विंडोज १०ची पेनड्राइव्ह बरोबर घेऊनच पाठवावा, इथे येऊन डाउनलोड करत बसला तर आमच्या नेटवर संध्याकाळ होईल. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. आणि आदल्या दिवशी मला फोन करावा, मला म्हणजे मलाच.

आपला,
(सही)
छापखान्याचा मालक

सोबत : कराराची पावती, यंत्रांच्या यादीची प्रत, पडद्याचा फोटो, बाहेरच्या टायपिंगची बिलं, आपलं कोटेशन (परत).