रविवारची तुंगारेश्वर सायकल राइड : आधी वाचून घ्या

मंडळी, रविवारी पहाटे साडेपाचला दहिसर चेकनाक्यावर जमायचं. पावणेसहाला निघणार म्हणजे निघणार. वर्सोवा पुलावरून खाडी ओलांडून सातिवली फाटा, तिथून वसईजवळचं तुंगारेश्वर अभयारण्य.

खरी राइड तिथेच सुरू होते. दगडमातीचा रस्ता, सुटी खडी, मध्ये ओढे. तुंगारेश्वराच्या मंदिरानंतर चढ वाढतो. दमलात तर मंदिरापाशीच थांबा, त्यात कमीपणा नाही. टायर ४० मिलिमीटर रुंदीचे असतील तर हवेचा दाब ३५-४० पीएसआयच ठेवा. हायवेसाठी ठासून भरलेली हवा खडीवर चाक उडवते. उतरताना पुढचा ब्रेक हलक्या हाताने दाबा, वळणावर पानांखाली दगड दिसत नाहीत.

हेल्मेट, स्पेअर ट्यूब, दोन लिटर पाणी, मागचा लाल दिवा हवाच. जंगलात स्पीकर लावू नका, माकडांना खायला घालू नका. शुक्रवार रात्रीपर्यंत इथे नाव टाका.