साकुरा झाला, फुजी झाला, आता जरा कोयासानच्या देवळांबद्दलही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जपानवरचा लेख वाचला. फोटो झकास होते, त्यात वाद नाही. पण वाचून झाल्यावर वाटलं की हे तर आपल्या कॉलेज रोडवरच्या कुठल्याही टूरवाल्याच्या पत्रकात असतंच की, तेच टोकियो, तोच फुजी, क्योटोचं किनकाकुजी हे सोनेरी देऊळ, ओसाकाला खादाडी आणि परत विमानात. वर सल्ला काय, तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच जा. अहो, साकुरा म्हणजे चेरीचा बहर, तो पूर्ण फुलला की जेमतेम आठवडाभर टिकतो, मधे एक जोराचा पाऊस झाला की खेळ खलास, आणि कधी फुलणार ते दरवर्षी थंडी कशी गेली त्यावर ठरतं. टोकियोत साधारण मार्चअखेर, वर उत्तरेला होक्काइदोत एप्रिल संपता संपता. आठ-दहा महिने आधी बुकिंग करणाऱ्या माणसाने काय जुगार खेळायचा का? त्यापेक्षा दिवाळी उरकून नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जावं, क्योटोत मेपल लालभडक झालेले असतात. गर्दी तेव्हाही असतेच म्हणा, पण पानं फुलांपेक्षा जास्त दिवस टिकतात.

फुजीचंही तसंच. उन्हाळ्यात तो बऱ्याचदा ढगातच असतो, लांबून बघायचा तर थंडीतली सकाळ बरी, आणि चढायचा तर जुलै ते सप्टेंबरची सुरुवात, बाकी वर्षभर वाटा बंद. २०२५ पासून सगळ्या वाटांवर माणशी ४,००० येन फी आहे, आणि योशिदा वाटेवर तर दिवसाला ४,००० च माणसं सोडतात. २०२४ मध्ये फुजीच्या पायथ्याच्या एका गावात फोटोवाल्यांच्या त्रासाला कंटाळून रस्त्यालगत मोठी काळी जाळीच लावली होती, डोंगरच दिसू नये म्हणून! आपल्या हरिहर गडाच्या पायऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी अडकलेल्यांना हे लगेच कळेल.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. आपण नाशिककर, त्र्यंबकची श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची फेरी, सप्तशृंगीला पायी जाणं, सिंहस्थ हे सगळं अंगवळणी पडलेली माणसं. आपल्याला जपानमध्ये जे सगळ्यात जवळचं वाटेल तेच नेमकं या पॅकेजमध्ये नसतं, आणि तुमच्या लेखातही नव्हतं. ओसाकाच्या दक्षिणेला किई नावाचा सगळा डोंगराळ द्वीपकल्प आहे, तिथे कोयासान, कुमानो आणि इसे ही तीर्थक्षेत्रं. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून ट्रेन, शेवटी केबल कार, की तुम्ही कोयासानला. कुकाई नावाच्या साधूने ८१६ साली हे वसवलं, सुमारे ८०० मीटर उंचीवर सगळं देवळांचंच गाव आहे, आणि त्यातल्या बऱ्याच देवळांत राहायची सोय आहे. पहाटे प्रार्थना, काही ठिकाणी अग्नीत आहुती देतात तो विधी बघायला मिळतो, तो मुळात आपल्याकडच्या होमातूनच गेलेला. तिथल्याच ओकुनोइनच्या दफनभूमीत उंच सीडर झाडांमधून साधारण दोन किलोमीटर चालायचं, दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त जुन्या समाध्या, दगडांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली बीजाक्षरं. शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढायला बंदी आहे, आणि लोक ती पाळतात.

आणि जेवण! जपानला जाणाऱ्या शाकाहारी माणसाचं निम्मं टेन्शन तेच असतं, कारण साध्या भाजीच्या रश्श्यात, नूडल्सच्या सूपमध्येसुद्धा माशाचा अर्क असतो, वेटर शपथेवर सांगेल की यात मांस नाही, आणि ते खरंही असतं, पण मासा असतो. देवळातलं शोजिन र्‍योरी म्हणजे मांस-मासा नाही, कांदा-लसूणही नाही. तिळाचा गोमा-दोफू, कोया-दोफू म्हणजे वाळवलेला टोफू, लोणची, भात. आपल्याकडच्या चातुर्मासवाल्या सासूबाईंनाही बिनधास्त न्या. पहिल्या घासाला फिकं लागेल हे मात्र सांगून ठेवा, मिरचीचा ठेचा डब्यात असलेला बरा.

कुमानो कोदो ही जुनी यात्रेची पायवाट, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. दगडी पायऱ्या, जंगल, मधेच गरम पाण्याचे झरे, आणि नाचीचा १३३ मीटरचा धबधबा, जो नुसता बघायचा नसतो तर खुद्द त्यालाच देव मानतात. ब्रह्मगिरीची फेरी मारणाऱ्याला ही चाल जड जाणार नाही, शिवाय तुमची बॅग एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामी पोचवायची सोय असते. इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसंच्या तसं नवं बांधतात, मागचं २०१३ ला झालं, पुढचं २०३३ ला. बारा वर्षांचा हिशोब ठेवणाऱ्या आपल्या गावाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

नाराला हरणं असतात हे सगळेच छापतात, तिथे बिस्किटासाठी हरणं मान लववतात वगैरे. पण तिथल्याच तोदाइजी देवळातल्या जवळपास १५ मीटर उंच बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी ७५२ साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला होता, हे कुणी सांगत नाही. पांडवलेण्यांच्या, म्हणजे आपल्या बौद्ध लेण्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्या वाचकाला यात रस नसेल असं तुम्हाला वाटतं का? तसंच टोकियोच्या असाकुसा भागात सगळे सेन्सोजी देऊळ बघून परत फिरतात, तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे, तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपतीच, मूर्ती दाखवत नाहीत पण नैवेद्याला चक्क पांढरा मुळा! मोदकवाल्यांनी एकदा जाऊन यावं.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या लेखात या भागाला एक पान द्या, सोबत शाकाहारी जेवण कुठे मिळतं आणि कोणत्या महिन्यात काय बघायला मिळतं तेही द्या. आणि जागा नसेल, परत क्योटोच छापायचं असेल, तर निदान तिथल्या गिओन या गेइशांच्या वस्तीतल्या खाजगी गल्ल्यांत पर्यटकांना शिरायला बंदी आहे आणि १०,००० येन दंडाची पाटी लावलेली आहे, तेवढं तरी एका चौकटीत टाका.

आपला एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक