त्या गाण्यातलं घर

प्रिय बाळा,

रविवारी फोनवर तू म्हणालास, "घरी जाऊन तरी काय करू? कुलूपच उघडायचंय." मग तू पटकन विषय बदललास, मीही बदलू दिला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. तुझं नववीतलं गाणं आठवलं. दार लावून तू ब्लिंक-182 या अमेरिकन बँडचं 'अ‍ॅडम्स साँग' पुन्हा पुन्हा लावायचास आणि मी बाहेरून "आवाज कमी कर" एवढंच ओरडायचे. या आठवड्यात ते नीट ऐकलं. शब्द समोर ठेवून, थांबत थांबत.

गाणं 1999च्या अल्बममधलं. लिहिणारा मार्क हॉपस तेव्हा 27 वर्षांचा, आज तू आहेस तेवढाच. दौरा संपला की बँडमधल्या इतरांची वाट पाहणारं घरी कुणीतरी असायचं, त्याची वाट पाहणारं कुणीच नव्हतं.

मला रडू कुठे आलं सांगू? जगणं नकोसं झालेल्या गाण्यातल्या त्या मुलाला निरोपाचं बोलता बोलता मध्येच लहानपणी पॅसेजमध्ये सांडलेला सफरचंदाचा रस आठवतो. आणि लगेच तो म्हणतो, आईला सांगा, यात तिची चूक नाही. तू दुसरीत असताना पन्ह्याचं पातेलं लवंडून पडद्यामागे लपला होतास. खालून तुझी चिकट पावलं दिसत होती, अंगठे आत वळवलेले. मी तुला ओढून बाहेर काढलं आणि धपाटा घातला. आधी जवळ घ्यायला हवं होतं रे.

पण गाणं तिथे थांबत नाही, हे मला आत्ता कळलं. सोळाव्या वर्षीचे दिवस किती बरे होते म्हणणारा तो मुलगा शेवटी तेच उद्याबद्दल म्हणतो. दौरा संपला, मी तरलो, कधी एकदा घरी जातो असं झालंय, म्हणतो. खोली तीच, एकट्याची. पण आता त्याला तिची ओढ लागलीय.

मग मी शोधलं, गाणं लिहिणाऱ्या त्या मार्कचं पुढे काय झालं. त्याचं लग्न झालं, मुलगा झाला. 2021मध्ये कॅन्सर झाला, त्यातून बरा झाला. त्या आजारपणात टॉम डीलाँग हा बँडमधला दुरावलेला मित्र परत जवळ आला आणि 2023मध्ये बँडच्या जुन्या तिघांचा नवा अल्बम निघाला. वाचून मला इतकं हायसं वाटलं, जणू आपल्याच घरातलं कुणी सुखरूप आलं.

तुला सरळच विचारते. तुलाही कधी इतकं नकोसं होतं का? होत असेल तर मला सांग, रात्री तीनला सांग. मी घाबरणार नाही, रागावणार तर मुळीच नाही. बाबा आणि मी मिळेल त्या गाडीने निघू.

आणि उद्यापासून कुलूप उघडलंस की दिवा लाव आणि मला फोन लाव. बोलायलाच हवं असं नाही. स्पीकरवर ठेवून दे. मी इकडे कणीक मळत असेन, बाबांच्या बातम्या चालू असतील. तू तुझा चहा टाक.

तुझी,
आई