‘किरणोत्सारी’ म्हणजे नेमके कोणते मूलद्रव्य?

माननीय संपादक,
स. न.

समुद्रातील किरणोत्साराविषयीच्या बातम्या अधूनमधून छापून येतात आणि त्यांपैकी बहुतेकांत ‘किरणोत्सारी द्रव्ये’ एवढेच मोघम शब्द असतात; मूलद्रव्याचे नाव नसते. वाचक धास्तावतो, पण त्याला कळत काहीच नाही. वास्तविक समुद्रात शिरलेले मूलद्रव्य कोठे जाईल, हे मुख्यतः त्याच्या रासायनिक गुणधर्मांवर ठरते, आणि त्या प्रवासात मोठा वाटा असतो तो नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतिप्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम युरेनियम निसर्गतःच असते. कार्बोनेटशी संयोग झाल्यामुळे ते विरघळलेलेच राहते. त्याच्या विघटनातून तयार होणारे थोरियम-२३४ मात्र पाण्यात टिकत नाही, भेटेल त्या कणाला चिकटते. त्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ, २४.१ दिवसांचा. कण खाली गेलेच नसते, तर या दोघांची किरणोत्सारिता समान राहिली असती. पण वरच्या साधारण शंभर मीटरांत प्लवक जोमाने वाढतात, त्यांच्या मृत पेशी आणि त्यांना खाणाऱ्या प्राण्यांची विष्ठा खाली बुडते, आणि तिच्यासोबत थोरियमही जाते. युरेनियमच्या तुलनेत थोरियमची ही तूट मोजली आणि बुडणाऱ्या कणांतील कार्बनचे थोरियमशी असलेले प्रमाण काढले, की किती कार्बन खोल समुद्रात गेला याचा अंदाज बांधता येतो. समुद्रातील थोरियम-युरेनियमच्या या गुणोत्तरावरील सुरुवातीचा, १९६९ सालचा शोधनिबंध टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील देवेंद्र लाल, एस. कृष्णस्वामी आदींचा होता, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल? अर्थात कार्बन-थोरियमचे प्रमाण कणाच्या आकारानुसार आणि खोलीनुसार बदलते, आणि या पद्धतीची खरी दुखरी नस तीच आहे.

पोलोनियम-२१० ची तऱ्हा निराळी. थोरियम पेशीच्या पृष्ठभागाला चिकटते, तर पोलोनियम पेशीच्या आत शिरून प्रथिनांशी जोडले जाते. त्यामुळे प्लवक खाणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांच्या शरीरातून थोरियम बहुतांशी विष्ठेवाटे बाहेर पडते, पण पोलोनियम अंगात मुरते आणि अन्नसाखळीत पुढे सरकते. समुद्री अन्नातून माणसाला मिळणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सारी मात्रेत त्याचा वाटा मोठा असतो, आणि त्यासाठी कोणतीही अणुभट्टी लागत नाही.

सीझियम-१३७ पोटॅशियमसारखे वागते, म्हणजे मुख्यतः पाण्यात विरघळून राहते. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अपघातानंतर भूमध्य समुद्रात २०० मीटर खोलीवर टांगलेल्या, बुडणारे कण गोळा करणाऱ्या सापळ्यात सीरियमसारखी कणांना चिकटणारी मूलद्रव्ये प्राणिप्लवकांच्या (वनस्पतिप्लवक खाणाऱ्या त्या सूक्ष्म प्राण्यांच्या) विष्ठेबरोबर काही दिवसांतच पोहोचली, सीझियम मात्र बरेचसे वरच्या पाण्यातच राहिले. ट्रिटियम तर हायड्रोजनचाच समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा प्रकार, असल्याने पाण्याच्या रेणूचाच भाग होऊन जातो. ही सगळी एकाच शब्दात कोंबणे म्हणजे मीठ, वाळू आणि तेल यांना सरसकट ‘पदार्थ’ म्हणण्यासारखे आहे.

यावरून समुद्रात काहीही सोडायला हरकत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. उलट धोका कोठे शोधायचा, पाण्यात, तळाच्या गाळात की माशांच्या शरीरात, हे मूलद्रव्याचे नाव कळल्याशिवाय ठरवता येत नाही.

म्हणून विनंती अशी की, अशा बातमीत समस्थानिकाचे नाव आणि त्याचा अर्धायुष्यकाल द्यावा, आणि बेकरेलचा (दर सेकंदाला किती अणू विघटित होतात ते मोजणाऱ्या एककाचा) आकडा दर लिटरचा की दर घनमीटरचा हे आवर्जून लिहावे, कारण या दोहोंत हजारपटींचा फरक पडतो. शेजारी तुलनेसाठी समुद्राच्या पाण्यातील नैसर्गिक पोटॅशियम-४० चा, दर लिटरला सुमारे १२ बेकरेलचा, आकडा छापला तर चौकटीची एखादीच ओळ वाढेल.

आपला,
एक वाचक