ईसीजी यंत्रासाठी वर्गणीदारांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या गावातील दहावीच्या एका मुलीला गेली दोन वर्षे मधूनच छातीत धडधड होई, डोळ्यांपुढे अंधारी येई आणि थोड्या वेळाने सारे आपोआप शमे. अभ्यासाचा ताण, अशक्तपणा, कुणाची तरी दृष्ट, सगळी कारणे सांगून झाली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत नाडी पूर्ववत झालेली असे. अखेर ती अगदी बरी असताना काढलेल्या ईसीजीवरूनच निदान झाले : वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट सिंड्रोम.

हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली विजेचा संदेश उतरायला एरवी एकच वाट असते आणि तिथल्या एव्ही नोड नावाच्या पेशींच्या गाठीपाशी तो क्षणभर रेंगाळतो. काहींच्या हृदयात जन्मतःच स्नायूचा एक जादा धागा राहून जातो. संदेश त्या आडवाटेने न थांबता उतरतो, त्याची खूण डेल्टा लहर म्हणून ईसीजीवर उमटते. आणि एका वाटेने खाली, दुसरीने वर असा तो गरगर फिरू लागला, की ठोके मिनिटाला १५० ते २५० पर्यंत जातात. अशी खूण हजारांत साधारण एक ते तीन जणांच्या ईसीजीवर आढळते. बहुतेकांना त्यापासून जिवाचा धोका नसतो, मात्र क्वचित कुणाचा अचानक मृत्यूही ओढवतो. शिवाय ठोके आवरण्याची काही नेहमीची औषधे काही प्रसंगी अशा रुग्णाला घातक ठरू शकतात, म्हणून निदान आधी माहीत असणे मोलाचे. ज्यांना गरज असते त्यांच्या मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन तो धागा उष्णतेने निकामी करतात आणि बहुतेक रुग्ण कायमचे बरे होतात. छाती उघडावी लागत नाही.

हे ध्यानी घेऊन आपल्या गणेशोत्सव मंडळाने यंदा मिरवणुकीतील डीजेचा खर्च पूर्णपणे वगळला असून (काही तरुण सभासद नाराज आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही) ती रक्कम बारा लीडच्या, म्हणजे हृदयाची नोंद बारा दिशांनी घेणाऱ्या, ईसीजी यंत्रासाठी बाजूला ठेवली आहे. यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्राला देण्यात येईल. दरपत्रकाच्या जेमतेम निम्मी रक्कम जमली आहे, आणि कागदाच्या गुंडाळ्यांचा खर्च पुढेही चालू राहील. म्हणून प्रत्येक घराने वर्गणीव्यतिरिक्त यथाशक्ती मदत करावी, ही विनंती. रोख रक्कम पावतीशिवाय कुणाकडेही देऊ नये. धनादेश मंडळाच्या नावे काढावा.

ज्यांच्या घरी कुणाला अशी धडधड किंवा भोवळ येत असेल त्यांनी जुने ईसीजी रद्दीत न टाकता डॉक्टरांना दाखवावेत. एखादा ईसीजी निर्दोष आला म्हणजे आडवाट नाहीच असे होत नाही, तेव्हा त्रास होत असतानाच जवळच्या केंद्रात नवा काढून घ्यावा.

पावतीपुस्तक रोज सायंकाळी ७ ते ९ या वेळेत मंडपात मिळेल.

आपली नम्र,
कार्यकारिणी, सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ